वॉर्सा, वाचून गेल्यावर
(पोलंडची दैनंदिनी : लेखांक पहिला)

२६ जुलै, शनिवार. कोल्हापूर

बॅगा अजून उघड्याच आहेत, वाचन मात्र आज संपवलं. नॉर्मन डेव्हिस यांच्या 'गॉड्स प्लेग्राउंड'चे दोन जाडजूड खंड उन्हाळाभर पुरवून पुरवून वाचत होते. पोलंडचा इतिहास वाचताना पहिला धक्का बसतो तो हा की, १७९५ ते १९१८ हा देश नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत तो आपापसांत वाटून घेतला. १२३ वर्षं राज्य नाही, सीमा नाही. देश तगला तो भाषेत, चर्चमध्ये, कवितेत आणि संगीतात. शोपँ १८४९ मध्ये पॅरिसला वारला, तेव्हा त्याच्या बहिणीनं त्याचं हृदय वॉर्साला आणलं. होली क्रॉस चर्चच्या एका खांबात ते आजही आहे. ती १२३ वर्षं ठाऊक नसतील तर त्या खांबापुढून माणूस सरळ निघून जाईल.

धाकट्या बहिणीला हे पटत नाही. "ताई, सगळं आधीच वाचलं तर तिथं जाऊन बघायचं काय?" डोंगर किंवा समुद्र बघायला निघाले असते तर मीही तेच म्हटलं असतं. वॉर्साला मात्र नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर जाणं मला मान्य नाही.

आम्हा कोल्हापूरकरांसाठी या इतिहासाचा एक धागा अगदी दारातला आहे. कापड घ्यायला आम्ही ज्या गांधीनगरला जातो, तिथं १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची वळिवडे छावणी होती. सुमारे ५००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. ती गेली आणि फाळणीत घरं गमावलेली सिंधी कुटुंबं त्याच जागी येऊन राहिली. हे लहानपणापासून ऐकत आले. पण पोलंडची माणसं पंचगंगेच्या काठी आली कशी, याचं उत्तर पुस्तकांतच मिळालं. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. १७ सप्टेंबरला स्टॅलिन पूर्वेकडून घुसला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा कुठं त्यांना मोकळीक मिळाली. जनरल आंदेर्स यांनी तिथं उभारलेल्या पोलिश सैन्यामागोमाग ही कुटुंबं १९४२ मध्ये इराणात उतरली, आणि त्यांतली काही हिंदुस्थानात आली.

३० जुलै, बुधवार. वॉर्सा

दुपारी जुन्या शहरात गेलो. मधे चौक, चारी बाजूंनी गेरू, पिवळ्या, हिरवट रंगांची उंच अरुंद घरं, खिडक्यांतून फुलांच्या कुंड्या. आजूबाजूचे पर्यटक त्यांना मध्ययुगीन समजून फोटो काढत होते. दिसतंही तसंच. यातलं बहुतेक सगळं १९४५ नंतर बांधलेलं आहे.

१९४४ मध्ये वॉर्सानं केलेला उठाव मोडल्यावर जर्मनांनी हे शहर ठरवून पाडलं. इमारतीला भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, उडवायची, की पुढची इमारत. युद्ध संपलं तेव्हा सुमारे ८५ टक्के शहर जमीनदोस्त झालं होतं. ते पुन्हा उभारलं गेलं, कारण काही कागद वाचले होते. युद्धापूर्वी इथल्या तंत्रविद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विभागानं जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन नकाशे काढले होते. ते शहराबाहेर काढून प्योत्रकूव इथल्या एका मठात लपवले गेले. बेर्नार्दो बेलोत्तोची चित्रंही होती. पोलंडच्या शेवटच्या राजाचा हा दरबारी चित्रकार. त्यानं १७७० च्या दशकात वॉर्साचे रस्ते खिडकीच्या चौकटीपर्यंत बारकाईनं रंगवले. राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या काही इमारती युद्धाआधी होत्या तशा न बांधता त्याच्या चित्रातल्यासारख्या बांधल्या आहेत. सेंट जॉन कॅथीड्रलचा दर्शनी भागही १९३९ सारखा नाही, त्याला आणखी जुनं गॉथिक रूप दिलं आहे. म्हणजे पुन्हा बांधताना कोणता भूतकाळ हवा, याची निवडही झाली.

युनेस्कोनं १९८० मध्ये या भागाला जागतिक वारसा म्हटलं. त्या यादीत माझ्या लेखी सर्वांत मोठं नाव हेच. आधी वाचलं नसतं तर एक सुंदर जुना चौक बघून परतले असते, आणि माणसांनी विटेवर वीट रचून केलेला हा प्रचंड पराक्रम समोर असूनही दिसला नसता. राजवाड्याच्या बाजूला राजा झिग्मुंटच्या स्तंभाचे जुने, मोडके खांब आडवे ठेवले आहेत. बहीण बराच वेळ तिथं उभी होती. "इथं खरं जुनं तेवढं मोडकं आहे," ती म्हणाली. पुस्तकं न वाचता तिनं नेमकं बोट ठेवलं.

३१ जुलै, गुरुवार. वॉर्सा

आजचा दिवस कोल्हापूरसाठी राखला होता. क्राशिन्स्की बागेच्या कडेला, जनरल आंदेर्स यांच्याच नावाच्या रस्त्यावर, मोन्ते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे. त्याच्या शेजारी वळिवडे छावणीची आठवण म्हणून कोल्हापूरचं छोटं स्मारक. इटलीतल्या एका डोंगरावरच्या लढाईशेजारी कोल्हापूर कसं? वाचलेलं असलं की हे शेजारपण लख्ख कळतं. सोव्हिएत भूमीतून इराणमार्गे बाहेर पडलेलं आंदेर्सचं सैन्य इटलीत लढलं आणि १८ मे १९४४ ला त्यानं मोन्ते कासिनोचा उद्ध्वस्त मठ घेतला. त्याच सैन्यातल्या कितीतरी जणांची बायकामुलं त्या दिवशी वळिवड्याच्या बराकींत होती. एका कुटुंबाचे दोन तुकडे, दोन खंडांत, आणि त्यांचे दगड इथं एकमेकांना लागून.

त्यातल्या अनेकांना परत जायला घरच उरलं नाही. युद्धानंतर पोलंडची सीमा पश्चिमेकडे सरकवली गेली आणि त्यांची गावं सोव्हिएत संघात राहिली. वळिवड्याहून पुष्कळजण इंग्लंडला गेले.

१ ऑगस्ट, शुक्रवार. वॉर्सा

प्रवासाची तारीख ठरवली ती या दिवसासाठी. १ ऑगस्ट १९४४, संध्याकाळी पाच वाजता वॉर्सानं जर्मनांविरुद्ध शस्त्र उचललं. ६३ दिवस लढाई चालली. दीड लाखाहून अधिक नागरिक मारले गेले. दरवर्षी याच वेळी शहरभर भोंगे वाजतात. आम्ही शहराच्या मधोमध द्मोव्स्की चौकात होतो. पाच वाजले, ट्राम थांबल्या, मोटारी थांबल्या, लोक बाहेर येऊन उभे राहिले. तरुण पोरांनी हातात लाल मशाली पेटवल्या, सगळीकडे धूर झाला.

रात्री बहिणीनं विचारलं, "रशियन फौज नदीच्या पलीकडे आली होती ना? मग ती थांबली का?" या प्रश्नावर पोलंडमध्ये आजही घरोघरी वाद होत असेल. लाल सेना शेकडो मैल लढत आली होती, थकली होती, हे खरं. पण मदत टाकायला येणाऱ्या ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांना आपल्या तळांवर उतरायला स्टॅलिननं कित्येक आठवडे परवानगी दिली नाही, हेही खरं. थकव्यानं त्याचा खुलासा होत नाही. लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी निष्ठा असलेलं भूमिगत सैन्य संपलं तर स्टॅलिनला हवंच होतं, असं माझं मत वाचनातून बनलं आहे. आणि उठावाची वेळ ठरवणाऱ्या पोलिश सेनापतींनाही मी मोकळं सोडत नाही. युद्धानंतरच्या कम्युनिस्ट राजवटीत या भूमिगत सैन्याच्या माणसांना तुरुंगात टाकलं गेलं, फासावर दिलं गेलं. उठावाचं संग्रहालय उघडायला २००४ साल उजाडलं.

२ ऑगस्ट, शनिवार. वॉर्सा

दिवसभर पाऊस. सरकारी अनुदानावरच्या स्वस्त खाणावळींची इथली जुनी परंपरा आहे, तशा एका खाणावळीत बटाटा आणि पनीर भरलेले पिएरोगी खाल्ले. बाकी झोप.

३ ऑगस्ट, रविवार. वॉर्सा

मुरानूव. इथं ज्यूंची घेट्टो होती. नोव्हेंबर १९४० मध्ये भिंत घालून ती बंद केली, १९ एप्रिल १९४३ ला तिथल्या मूठभर तरुणांनी उठाव केला, तो चिरडून सगळी वस्ती पाडली. ढिगारा इतका होता की तो उचलण्याऐवजी त्यावरच नवी वस्ती बांधली. म्हणून इथली काही घरं उंचवट्यावर आहेत, पायऱ्या चढून वर जावं लागतं. भिंत कुठून जात होती ते फुटपाथवर धातूच्या पट्टीनं दाखवलं आहे. लोक सायकलवरून ती ओलांडत असतात.

इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या साथीदारांनी घेट्टोत बसून रोजनिशा, पत्रकं, मुलांचे निबंध, रेशनची कार्डं गोळा केली आणि पत्र्याचे डबे व दुधाच्या बरण्यांत भरून पुरली. एक भाग १९४६ मध्ये सापडला, दुसरा १९५० मध्ये. तिसरा अजून मिळालेला नाही. ज्यू इतिहास संस्थेत त्यातली एक बरणी पाहिली. उपासमारीनं मरत असलेल्या माणसांना आपला इतिहास दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता.

म्हणूनच एका बाजूचं वाचून इथं येऊ नये. शुक्रवारच्या भोंग्यांनी ऊर भरून येतो, त्याच देशात येद्वाब्ने नावाचं गाव आहे. १० जुलै १९४१ ला तिथं जर्मन ताब्याखाली पोलिश शेजाऱ्यांनी ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळलं. यान ग्रॉस यांचं पुस्तक २००० मध्ये आलं आणि देश ढवळून निघाला. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्की यांनी त्या गावी जाऊन क्षमा मागितली. ज्यूंना लपवताना जीव गमावलेले पोल आणि येद्वाब्नेचे पोल, दोन्ही याच मातीतले. बहिणीला मी दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंस तर शुक्रवारी मला वेगळं वाटलं असतं." वेगळं म्हणजे काय, यावर रात्री उशिरापर्यंत बोललो, आणि आमचं एकमत झालं नाही.

उद्या सकाळी क्राकूवची गाडी. ते शहर युद्धातून जवळजवळ शाबूत वाचलं, तिथले दगड जुनेच आहेत. तिथून ऑश्विट्झच्या छळछावणीला जाण्यापूर्वी, तिच्यातून जिवंत परतलेल्या प्रिमो लेवी यांचं पुस्तक बहिणीनंही वाचावं असं वाटतं. ते तिच्या पिशवीत घातलंय. वाचायचं की नाही ते ती ठरवेल.