टपाचा रंग

आमच्या गॅरेजच्या फळीवर कापडाचे चार तुकडे तीन वर्षं पडून होते. काळा, बिस्किटी, गडद निळा आणि तपकिरी. परवा आवराआवर करताना ते पुन्हा हाती लागले, म्हणून हे लिहायला बसलो.

तर झालं असं, की 2021मध्ये मी एक म्हातारी एमजीबी विकत घेतली. (हिच्या भाषेत, 'दुसरं लग्न केलं'.) 1968ची, फिकट पिवळी, दोन माणसांची उघडी गाडी. आम्ही राहतो त्या ऑक्सफर्डशायरमध्येच, अ‍ॅबिंग्डनला, 1962 ते 1980 या गाड्या बनायच्या. म्हणजे ती माहेरीच आली म्हणायची! इंजिन ठणठणीत, पण टपाची पार रया गेलेली. शिवणी उसवलेल्या, मागची प्लॅस्टिकची काच पिवळी पडून आंधळी झालेली.

नवा टप घालायचा, एवढंच. पण रंग कुठला?

काळं रेक्झीन स्वस्त आणि सोपं, फडकं मारलं की स्वच्छ. पण पिवळ्या गाडीवर काळा टप म्हणजे उलटी टॅक्सी! मुंबईच्या पद्मिनी अंगाने काळ्या आणि डोक्यावर पिवळ्या असायच्या, ही बरोब्बर उलट. बिस्किटी हिला आवडला. आत बसल्यावर उजेडही जरा बरा वाटतो, पण इथल्या ओलसर हवेत त्यावर हिरवट शेवाळ लगेच दिसतं. निळं होतं ते जाड विणलेलं कापड. देखणं, पण खिशाला भारी, आणि पाणी मुरू नये म्हणून अधूनमधून त्याला औषध लावत बसायचं. तपकिरी मी नुसताच 'असू दे' म्हणून मागवला होता.

ते तुकडे मी बॉनेटवर ठेवून उन्हात पाहिले, पावसात पाहिले, संध्याकाळी पाहिले. रोज वेगळा आवडायचा. त्यात रेक्झीन थंडीत आखडतं, म्हणून उबदार दिवशीच ताणून बसवावं म्हणतात. झालं, थांबायला आणखी एक कारण!

मे 2022मध्ये आई-बाबा दोन महिन्यांसाठी आले. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये हजर.

"काय रे, आज जायचं का चक्कर मारायला?"

"टप बसू दे हो बाबा. इथल्या पावसाचा नेम नाही."

"बरं," म्हणायचे आणि बॉनेटवरून हात फिरवून आत जायचे. कधी हट्ट नाही केला. जुलैच्या सुरुवातीला ते परत गेले. आणि 19 जुलैला इंग्लंडमध्ये पारा इतिहासात पहिल्यांदाच चाळिशीच्या वर गेला. दिवसेंदिवस पावसाचा थेंब नाही. रेक्झीन बसवायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता, पण माझा रंग कुठे ठरला होता?

पुढच्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आता बोलतात नीट, काठी घेऊन घरात फिरतात, पण विमानप्रवासाला डॉक्टरांनी साफ नाही सांगितलंय.

2024च्या मे महिन्यात एका रविवारी मी फोनच्या कॅमेऱ्यासमोर चारही तुकडे धरले. म्हटलं, "बाबा, तुम्हीच सांगा आता." त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "कुठलाही घाल. अरे, आपण चौघं स्कूटरवरनं खडकवासल्याला जायचो, तिला कुठे टप होता?"

टोमणा नव्हता तो. जुनी आठवण निघाली म्हणून हसत होते. मला मात्र पुढे काही बोलता येईना. पुढे मी आणि दादा, मागे आई, भिजत, कुडकुडत आलेलो आम्ही. पाऊस येईल म्हणून बाबांनी स्कूटर घरी ठेवली, असं मला एकदाही आठवत नाही.

त्याच आठवड्यात काळा टप मागवला. जूनमधल्या एका गरम दुपारी मी आणि एक मित्र, दोघांनी घाम गाळून बसवला. डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिलीये, ती मी सोडून कुणाला दिसत नाही. पाऊस नसेल तेव्हा टप खाली पाडूनच फिरतो, त्यामुळे त्याचा रंग फारसा कुणी पाहतही नाही.

पहिला फोटो अर्थातच बाबांना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला.

"अरे, ही तर उलटी टॅक्सी! मीटर टाकून ठेव, आलोच."