दादा, बाबांचा पाइप अजून उभा आहे

लोहारा, यवतमाळ

प्रिय दादा,

काल आईचा फोन लागला तेव्हा तू पहिलं काय विचारलंस, आठवतं? "आई, मागची भिंत केव्हा रंगवली गं?" ती रंगवून तीन वर्षं झाली, दादा. तुला काल दिसली. आणि फोन ठेवल्यावर आई बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "दाढी पिकली बापा त्याची."

एवढ्यासाठीच मी महिनाभर टिनावर चढ-उतर करत होते. तुला वाटलं, मला नेटवर सिनेमे पाहायचे आहेत.

फायबरची वाट पाहून थकलो होतो आम्ही. तार गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि थांबली. पुढं खांब नाही म्हणे. विचारायला गेलं की "पुढच्या महिन्यात." मग तू राखीला सिमवर चालणारा राउटर पाठवलास. तेवढं केलंस, ते मी विसरणार नाही. पण तो आपण ठेवला कुठं? देवघराशेजारच्या कोनाड्यात. चारी बाजूंनी दोन-दोन फुटांच्या मातीच्या भिंती आणि वर टिन. लोखंडी टिनातून लहर आत येतच नाही, ती दारं-खिडक्यांच्या फटीतून शिरते तेवढीच. आपण चांगला राउटर डब्यात कोंडून ठेवला आणि वर्षभर कंपनीला शिव्या दिल्या.

मी तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "बूस्टर घे ऑनलाइन, लाव." ते मी केलं नाही आणि तूही कुणाला सांगू नकोस. बाजारात मिळणारे ते बूस्टर परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे. ते आपल्यासोबत आजूबाजूचा गोंगाटही वाढवून टॉवरवर फेकतात, आणि मग अख्ख्या वस्तीचं नेटवर्क बिघडतं. नुसता अँटेना वेगळा. तो स्वतःहून काही वाढवत नाही. सगळीकडे विखरून ऐकण्याऐवजी एकाच दिशेला कान लावतो.

तुझ्या राउटरच्या मागं दोन रबरी टोप्या होत्या, तुला ठाऊक होतं? मी नखानं काढून पाहिल्या तर आत पितळी सॉकेट. बाहेरचा अँटेना लावायची सोय. सगळ्या राउटरला ती नसते. तू नकळत का होईना, बरोबर वस्तू पाठवली होतीस.

आणि मग मला पाइप आठवला.

सपरीच्या कोपऱ्यातला बाबांचा टीव्हीच्या अँटेनाचा पाइप. 1987 साली रामायण सुरू झालं तेव्हा उभा केलेला. रविवारी सकाळी बाबा वर, तू दारात आणि आई टीव्हीसमोर. आई ओरडायची, "आलं, आलं… गेलं!" ते तू वर पोचवायचास, आणि बाबा पाइप केसभर फिरवायचे. मी तेव्हा पाळण्यात होते, पण ही गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की मला ती पाहिल्यासारखीच वाटते. बाबा गेल्यावर तू म्हणाला होतास, तो गंजका पाइप भंगारात दे. मी दिला नाही. आईनं द्यायचं नाव काढू दिलं नाही.

वरच्या अॅल्युमिनियमच्या काड्या मात्र कामाच्या नव्हत्या. भाच्यानं तुझ्या विचारलं, "जुनाच अँटेना जोडला तर?" त्याला कागदावर काढून दाखवलं. अशा अँटेनाची मुख्य काडी लहरीच्या साधारण निम्मी असते. टीव्हीच्या त्या वेळच्या लहरी मीटरभराहून लांब, म्हणून काड्याही लांब. आपल्या मोबाइलची 1800 मेगाहर्ट्झची लहर साधारण सतरा सेंटिमीटरची, म्हणजे काडी आठ सेंटिमीटर, बोटाएवढी. पण रचना तीच. यागी आणि उदा या दोन जपानी माणसांनी 1926 च्या सुमाराला शोधलेली. बाबांनी टिनावर चढवली तीही यागीच होती, आणि मी चढवली तीही.

पहिल्यांदा मी चुकले. यवतमाळच्या बाजारातून पंधरा मीटर बारीक केबल आणली, स्वस्त मिळाली म्हणून. अँटेनानं जेवढं कमावलं तेवढं केबलनंच खाल्लं. या लहरींना असली बारीक केबल पंधरा मीटरमध्ये जवळपास दहा डेसिबल गिळते. दहा डेसिबल म्हणजे दहातला एकच भाग खाली पोचतो. जाड, कमी गळतीची केबल तेवढ्याच लांबीला तीन डेसिबलच्या आसपास घेते. टीव्हीची केबल तर आणूच नये, ती 75 ओहमची आणि हे सॉकेट 50 ओहमचं. दुसऱ्यांदा जाड केबल मागवली आणि तीही आखडून घेतली. राउटर कोनाड्यातून काढून सपरीच्या भिंतीला, पाइपच्या अगदी जवळ आणला. सहा मीटरमध्ये भागलं. तशा दोन केबल, कारण सॉकेट दोन आणि अँटेनेही दोन, एक एका अंगाला कललेला, दुसरा दुसऱ्या. एकच जोडला तर अर्धं काम होतं.

मग तो रविवार. मी वर, पोट्टा दारात लॅपटॉप घेऊन, आणि आई खुर्चीवर. तेच सगळं, दादा. फक्त "आलं-गेलं"च्या जागी आकडे.

"उणे 112!" हा घरातला जुना आकडा. शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला. एमआयडीसीच्या शेडपलीकडचा टॉवर दिसतो ना, त्याच्याकडे तोंड केलं. "उणे 103… 97… 91!" मी वरूनच हात जोडले. पण नेट चालेना. चित्र अडकतच होतं. तासभर मला कळेना. मग दुसरा आकडा पाहिला, सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगणारा. तो होता 2. आवाज मोठा, पण शंभर जण एकदम बोलतायत असा. पाइप हळूहळू दारव्ह्याच्या बाजूला वळवला. ताकद घटून उणे 94 झाली आणि स्वच्छता चढली 14 वर. त्या बाजूचा टॉवर इथून डोळ्याला दिसतही नाही. तिथंच नट आवळला.

उणे 112 वरून उणे 94, अठरा डेसिबल. म्हणजे साठपट ताकद. ती आपल्या टिनावरून इतकी वर्षं जातच होती, दादा.

आता जे लिहायचं ते लिहिते. टाळेबंदीत तू म्हणाला होतास, "मी लोहाऱ्याला येऊन काम केलं असतं, पण तिथं नेट नाही." मी तेव्हा काही बोलले नाही. पुण्यातल्या दोन खोल्यांत तुमचे हाल होते, तेही मला दिसत होते. पण बाबांना ते वाक्य लागलं. दुसऱ्या दिवशी ते शिडी लावून पाइपशी उभे राहिले होते. त्या वयात. काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून नुसतेच पाइपला हात लावून उभे. मी ओरडले आणि खाली उतरवलं. मला तेव्हा हे सगळं का माहीत नव्हतं?

आणि तो शेवटचा फोन. तुझं चित्र गोठलं, तोंड अर्धवट उघडं. बाबा म्हणत राहिले, "बोल ना रे, बोल." तुला त्यांचा आवाज पोचत होता की नाही, मी कधी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. आता विचारते आहे. सांगायचं नसेल तर नको सांगूस.

पावसाचं सांगून ठेवते. सागाला पानं फुटली की आकडा घसरतो. ओली पानं लहर पिऊन टाकतात. उन्हाळ्यात साग उघडा असतो तेव्हा नेट चांगलं चालायचं आणि आपण म्हणायचो, पावसात टॉवर बिघडतो. म्हणून पाइप आणखी चार फूट वर नेलाय. आणि विजेची काळजी करू नकोस. पाइपला जाड तांब्याची तार जोडून जमिनीत अर्थिंग केलंय, इलेक्ट्रिशियनकडून. ढग गडगडले की केबल काढून ठेवते, प्लगही काढते. आपल्याकडे वीज कशी कोसळते ते तुला सांगायला नको.

शेजारच्या काकू काल वर बघून गेल्या, त्यांच्या नातवाचे क्लास ऑनलाइन असतात. त्यांना सांगितलं, आधी काही विकत घेऊ नका. मोबाइल घेऊन टिनावर चढा आणि आकडा बघा. वर आठ-दहानं सुधारला तरच पैसे घाला. कित्येकदा राउटर खिडकीत आणला तरी भागतं. तुझ्या ओळखीत गावाकडे कुणाचे आईवडील असतील, त्यांनाही हेच सांग.

भिंतीलगतची खोली मी रिकामी केली आहे. टेबल ठेवलंय, बाबांचंच. काल तुझ्या ऑफिसात चालतो तसा दोन तासांचा व्हिडिओ कॉल पोट्ट्यानं मित्राबरोबर करून पाहिला, एकदाही तुटला नाही. म्हणजे आता ते कारण राहिलं नाही. दुसरं असेल तर ते सांग, मी ऐकून घेईन.

आज रात्री साडेआठला आई स्वतः फोन लावणार आहे. उचल.

तुझी
ताई नसलेली, धाकटी