मधली माणसे

मधल्या माणसाचे कौतुक सहसा कोणी करीत नाही. लग्नाच्या फोटोत नवरानवरी झळकतात, व्याही झळकतात; लग्न जुळवणारे गृहस्थ मात्र शेवटच्या पंगतीत मठ्ठा शोधीत बसलेले असतात. पदार्थांच्या जगातही हाच न्याय आहे, हे मला सेंद्रिय सौरघटांविषयी वाचताना कळले.

1986 साली कोडॅकच्या प्रयोगशाळेतील चिंग टँग यांनी दोन कार्बनी रंगद्रव्यांचे पातळ थर एकावर एक चढवून सुमारे 1 टक्का उन्हाची वीज केली. आज प्रयोगशाळेतले असे घट 19 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. त्यात मधल्या माणसांचाही वाटा आहे.

ऊन पडले, की सेंद्रिय थरात ऋणभार आणि धनभार यांची जोडी जन्मते. दोघांची फारकत होऊन एकाने या दाराने, दुसऱ्याने त्या दाराने बाहेर पडावे, तर वीज मिळते. दार चुकले, की वाटेत पुन्हा गाठ पडते आणि ऊन फुकट जाते. म्हणून एका दाराशी झिंक ऑक्साइडचा थर देतात. आपल्या मलमात असते तेच हे! तो ऋणभाराला वाट देतो, धनभाराला अडवतो. दुसऱ्या दाराशी मॉलिब्डेनम ऑक्साइड धनभाराची सोय पाहतो. जाडी म्हणाल, तर केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी.

आमच्या घरी हे काम आई करी. वाटणीपासून वडील आणि धाकटे काका यांच्यात अबोला होता. काका गरजत, "वहिनी, दादाला म्हणावं, विहीर काही त्याच्या एकट्याची नाही!" आई आत येऊन म्हणे, "भाऊजी पाण्याची पाळी विचारताहेत." गरज पलीकडे जाई, विखार अलीकडेच अडे.

पण अडलेला विखार जातो कुठे? झिंक ऑक्साइडचे एक दुखणे आहे. उन्हातले अतिनील किरण शोषता शोषता तो शेजारच्याच सेंद्रिय द्रव्याचे विघटन करू लागतो. आईही रात्री आम्हा मुलांवर उगाच डाफरे, आणि मग अंधारात आमच्या अंगावरून हात फिरवी. शास्त्रज्ञ आता त्या ऑक्साइडलाच आणखी एक पातळ अस्तर देतात. आईला तसे अस्तर कोणी दिले नाही. ती गेली, आणि दोन्ही घरांतले पाण्याच्या पाळीपुरते बोलणेही थांबले.

वाचकहो, या दिवाळीत दोन अबोल घरांमध्ये फराळाची ताटे पोचवणारे कोणी तुमच्याही घरात असेल. त्याला आधी पाटावर बसवा, आणि पहिली करंजी त्याच्या पानात वाढा.