कंधारचा निरोप

मार्गशीर्षातली अमावास्या उद्यावर आलेली. नांदेडच्या स्थानकावर कंधारच्या एस. टी.त शिरलो, तर पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो गावाकडे निघालेला. कुणाच्या मांडीवर वालाच्या शेंगांची पिशवी, कुणाच्या पायाशी ताकाची किटली. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले, "येळवशीला चाललात जणू?" मी "हो" म्हणालो, पण ते अर्धेच खरे होते. मी निघालो होतो आत्याचे घर बंद करायला.

मामांना जाऊन वर्ष झाले होते. सारा जन्म त्यांनी कंधार तालुक्यातल्या शाळांत मास्तरकी केली. मुलगा पुण्याला. "आईला घेऊन ये आणि कुलूप लाव," एवढाच त्याचा निरोप. आत्या मात्र दोन महिने आज-उद्या करीत होती. तिचे एकच पालुपद : "असं नुसतं कुलूप घालून कुणी घरातून निघतं होय?"

कंधार नांदेडहून पन्नासेक किलोमीटरवर, लोह्याच्या पुढे. मन्याड नदीच्या खोऱ्यातले हे गाव आज तालुक्याचे ठिकाण म्हणून नांदते. पण एके काळी राष्ट्रकूटांच्या राज्यात त्याचा मोठा मान होता. 'कंधारपुरवराधीश्वर' हे बिरुद राजे अभिमानाने लावीत. गावालगतचा भुईकोट किल्ला आणि जगत्तुंगसमुद्र नावाचा विस्तीर्ण तलाव त्या वैभवाच्या खुणा आहेत. तळ्याला समुद्र म्हणण्याची ती राजेशाही ऐट मला फार आवडते!

दुसऱ्या दिवशी वेळ अमावास्या. लातूर-नांदेडच्या या पट्ट्याबाहेरच्या वाचकांना या सणाची ओळख करून दिली पाहिजे. हा सण घरात होत नाही, देवळातही होत नाही. तो शेतात होतो. त्या दिवशी गावे आणि शहरे ओस पडतात. ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभरा घाट्याला लागलेला. त्यात कडब्याची एक कोप उभी करायची, आत पाच पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे आणि काळ्या आईची ओटी भरायची. मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील! ओळखीचा-अनोळखीचा, जो बांधावरून जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचे. सांज झाली की कडब्याची पेंढी पेटवून ती पिकाभोवती फिरवायची. भटजी नाही, पोथी नाही, मुहूर्ताची घासाघीस नाही.

मामांची चार एकर जमीन बटईने दिलेली. बटईदाराची बायको रखमा पहाटेपासून राबत होती. भज्जीची सारी मिसळण मात्र आत्याने घातलेली. कोपीत पूजेची वेळ झाली तेव्हा बटईदाराचा म्हातारा बाप म्हणाला, "जोडपं बसू द्या आता. आत्याबाई, तुम्ही जरा सावलीला बसा." त्याच्या बोलण्यात काळे काही नव्हते, रीत होती ती त्याने सांगितली. आत्या गुपचूप उठली आणि बाभळीखाली जाऊन बसली. इतकी वर्षे त्याच पाच दगडांना तिने हळदकुंकू वाहिले होते. शेत तिचे, स्वयंपाक तिचा; पूजा मात्र तिची नव्हती. रखमाने मान खाली घातली. त्या दिवशीची भज्जी माझ्या घशाखाली नीट उतरली नाही.

रात्री ओसरीवर बसलो असता आत्या म्हणाली, "घरातून निघायचा काही विधी पोथीत असतो का रे?"

मी विचार करू लागलो. घरात शिरताना वास्तुशांत आहे. निघताना काही नाही. आपल्याकडे जन्माला बारसे, लग्नाला सप्तपदी, मरणाला तेरावे; परंतु नवऱ्यामागे उरलेल्या आयुष्यासाठी, गाव सोडण्यासाठी, नोकरी संपण्यासाठी काही नाही. आणि विधवेच्या वाट्याला जे विधी आहेत ते सारे काढून घेण्याचे : कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, जोडवी उतरवायची. हाती काही देणारा एकही नाही.

मी तिला जोतिरावांची गोष्ट सांगितली. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पुरोहिताविना पहिले लग्न लावले. पण विधीच नकोत असे त्यांनी म्हटले नाही. १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधींचे नवे पुस्तकच लिहून छापले. माणसाला विधी लागतो हे त्यांना पुरते ठाऊक होते. तो कुणाच्या हातचा आणि कुणाच्या मानाचा, एवढाच त्यांचा सवाल होता. अलीकडचीही गोष्ट सांगितली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या या जुन्या चाली बंद केल्या आणि त्याच महिन्यात शासनाने साऱ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ठरावानं फोडणं थांबतं रे. पण जोडायचं काय? ते आपलं आपल्यालाच बघावं लागतं."

सकाळी तिने मला घराबाहेर पिटाळले. "किल्ला बघून ये. माझं काम आहे."

खंदक ओलांडून मी किल्ल्यात हिंडलो. मग क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष पाहिले. पाऊल आणि इतर तुकडे तेवढे उरले आहेत. त्यावरून मूर्ती पन्नास-साठ फूट उंच असावी असा अंदाज करतात. दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णाच्या काळातला शिलालेख इथे मिळाला. त्यात देवालयांना दिलेल्या दानांची नोंद आहे. त्या दगडी पावलाशी मी उभा राहिलो. केवढा देव, केवढा थाट, दगडात कोरलेली दाने! आणि आज त्याला एक फूलही नेमाने मिळत नाही. उलट कालचे पाच दगड! त्यांना ना शिलालेख, ना राजाश्रय. तरी आख्खा मुलूख वर्षातून एक दिवस त्यांच्यासाठी शेतात धावतो. विधी दगडावर कोरून टिकत नाही. हाताला काम, शेजारी माणूस आणि शेवटी जेवण, एवढे असले की तो टिकतो.

घरी परतलो तर सारे सारवल्यासारखे लखलखीत. माजघराच्या मधोमध जाते मांडलेले, बाजूला हळकुंडांचे सूप. मागच्या दारची चाची आणि रखमा भिंतीशी बसलेल्या. आत्या म्हणाली, "ह्या जात्यावर तुझ्या मामांची हळद दळली होती. त्यातलीच उष्टी हळद मला लागली अन् मी ह्या घरची झाले. आता ह्याच्यावरच दळून निघते."

ती जात्याशी बसली. कुटलेली हळद तिने घातली आणि खुंटा फिरवला. जाते घरघरू लागले तेव्हा चाची आपण होऊन पुढे सरकली; दुसरा हात तिने खुंट्याला लावला. दळण संपल्यावर आत्याने ओल्या हळदीची बोटे प्रत्येक उंबरठ्याला लावली. एकेका उंबरठ्याशी ती एकेक आठवण सांगे : इथे पोर पडलं, इथे सासूबाई बसायच्या, इथून मामा शेवटचे गेले. आम्ही ऐकत होतो. शेवटी तिने आपल्या कपाळाला हळद लावली. कुणी काही बोलले नाही. चाचीने पदराखालून आणलेला मलिदा चौघांच्या हातावर ठेवला.

मी कुलूप घेऊन उभा होतो. एवढ्यात रखमा पुढे आली. "आत्याबाई, हे जातं मला द्या," ती म्हणाली. "माघात लेकीचं लग्न हाय. हळद ह्याच्यावरच दळायची. अन् पहिला हात तुमचा."

"अगं, तुझा सासरा काय म्हणल?"

"मनू द्या काय मनायचं ते. कालच्याला मी बोलले नाही, आज बोलते."

आत्याने कुलूप माझ्या हातून घेतले आणि स्वतः लावले. एस. टी. लोह्याकडे वळली तेव्हा खिडकीतून येणाऱ्या उन्हात तिची पिवळी बोटे दिसत होती. "माघात परत आणशील ना रे?" तिने विचारले.

माघात आम्ही गेलो. पहिला हात आत्याचाच होता.