नंबर १००१

फायनल इयरला लॅबमध्ये पेनड्राइव्हचा नुसता सुळसुळाट असतो. कोणाचा कुठला, कशात व्हायरस, पत्ता नाही. म्हणून आम्ही लॅबमधल्या एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून त्याला सर्व्हर केलं आणि त्यावर एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम, चालू केली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली काढलेली ही गोष्ट आपल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी. काम साधं: दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखा दिसतो.

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू. 'एनएफएस-कॉमन' पॅकेज टाकलं, 'शोमाउंट'ने सर्व्हर काय वाटतोय ते बघितलं, एक रिकामा फोल्डर केला आणि सुडो लावून त्यावर माउंट मारलं. दहा मिनिटांत काम फत्ते! 'एफएसटॅब'मध्येही ओळ टाकली, पर्याय 'हार्ड'. हार्ड असलं की सर्व्हर बंद पडला तरी क्लायंट मुकाट वाट बघत बसतो. 'सॉफ्ट' थोड्या वेळाने नाद सोडतो आणि फाइल अर्धवट राहू शकते. आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा हार्डच बरा.

तिथे नवीन फोल्डर करायला गेलो तर 'परमिशन डिनाइड'. सुडो लावलं, तरी तेच! मग कळलं, याला 'रूट स्क्वॅश' म्हणतात. क्लायंटचा रूट दारात आला की सर्व्हर त्याला 'नोबडी' करून टाकतो. घरचा पाटील, परगावी कोणीच नाही. वाटलं, काय कडक बंदोबस्त आहे!

यादी काढली. 'टेस्ट२' नावाच्या फोल्डरपुढे मालक म्हणून माझं नाव. आणखी एका फोल्डरपुढे नुसता १००४ हा आकडा, तिकडे लक्षच दिलं नाही. मागे सर्व्हरवर बसून मी असे ढीगभर टेस्ट फोल्डर केले होते, त्यातलाच हा असणार. आत डोकावलोही नाही. उडवला. आतलं सगळं गेलं, फोल्डर मात्र हटेना. इथे रीसायकल बिन वगैरे काही नसतं, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी ज्युनिअर आला. मेहकरकडचा पोरगा. "भाऊ, फोल्डर त हाय, माहे फोटो कुठी गेले?"

जून २०२० मध्ये लोणारच्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. तेव्हापासून याच्या डोक्यात एकच, पाण्याचा रंग फोटोवरून मोजायचा. घरी गेला की लोणारला जायचं, त्याच जागी उभं राहून फोटो काढायचे. सात महिन्यांचे फोटो. मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून तिथले पुसलेले.

मी "बघतो" म्हणालो. खरं तर मला तेव्हाच कळून चुकलं होतं.

रात्री 'आयडी' कमांड मारली. लॅपटॉपवर पहिलं अकाउंट मोठ्या भावाचं, नंबर १०००. माझा १००१. सर्व्हरवर १००१ म्हणजे ज्युनिअर, आणि मी १००४! आमच्या सर्व्हरवर एनएफएसची आवृत्ती ३ होती. तिच्यात मालकाचं नाव जातच नाही, नुसता नंबर जातो. माझ्या लॅपटॉपने तो नंबर स्वतःच्या यादीत शोधला आणि माझं नाव छापलं. पुसायला गेलो तेव्हा सर्व्हरनेही नंबरच बघितला. पासवर्ड कोणी विचारला? कोणीच नाही. केर्बेरॉस लावलं असतं तर ओळख तपासली गेली असती, पण आमच्या लॅबमध्ये एवढा खटाटोप कोण करतो!

सकाळी मेसमध्ये त्याला सगळं सांगितलं. तो पोहे ढवळत बसला. मग म्हणाला, "सांगतलं ते बरं केलं भाऊ. पण त्या दिवशीचं पाणी आता कुठून आणू?" व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवलेले एकोणीस फोटो सापडले, तेही दाबून बारीक झालेले.

भावाच्या अकाउंटमधून 'यूजरमॉड' चालवून माझा नंबर १००४ केला, बाहेरच्या फाइलींचा मालक 'चाउन'ने बदलला. पुढच्या रविवारी त्याच्यासोबत एसटीने लोणारला गेलो. परत आल्यावर फोटो चढवले, तर त्याने आधी मला 'एलएस'ला 'एन' लावायला सांगितलं, म्हणजे नाव नाही, नंबर दिसतो. स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं, "एक हजार एक. हे माहे."