नुसतं ब्लॉक करून काय होतं?

मंडळी, फालतू कॉल आला की आपण काय करतो? शिवी हासडतो, ब्लॉक करतो, विसरतो. आपल्यापुरता तो नंबर बंद. पण तोच माणूस पाच मिनिटांनी कुणाच्या तरी मावशीला ‘वीजबिल थकलंय, आज रात्री साडेनऊला लाईट कापणार’ म्हणून घाबरवत असतो.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त सरांना असाच ‘डिजिटल अरेस्ट’चा व्हिडिओ कॉल आला. (असा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच.) बायकोलासुद्धा सांगायचं नाही अशी तंबी. सरांनी एफडी मोडून पैसे पाठवले आणि लाजेपोटी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर ठाण्यावर गेलो, तर तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न: “शिकलेसवरलेले ना तुम्ही?” सर खाली मान घालून बसले. मला विचाराल तर चोरांना सगळ्यात जास्त मदत याच प्रश्नाची होते. माणसं तोंडच उघडत नाहीत.

आणि इथे उशीर महागात पडतो. चोरीचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत, तिथून चार ठिकाणी फुटतात, मग एटीएममधून निघतात. १९३० वर लगेच फोन केला तर बँकांना कळवून वाटेतच रक्कम गोठवता येते. सरांच्या वेळी गोठवायला फारसं उरलंच नव्हतं.

पैसे गेले नसतील, पण कॉल संशयास्पद वाटला, तर संचार साथीवर ‘चक्षु’ आहे. मार्च २०२४ मध्ये सुरू झालंय. तिथे नंबर आणि स्क्रीनशॉट द्यायचा. पैसे गेले असतील तर मात्र चक्षुवर वेळ घालवू नका, थेट १९३०.

उरले प्लॉट, लोन, क्रेडिट कार्डवाले. त्यांच्यासाठी १९०९. ‘तक्रार करून काय उपयोग’ म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम बदलले. आधी तीन दिवसांत तक्रार करावी लागायची, आता सात. डीएनडीत नाव नसलं तरी चालतं. आणि एकाच नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कंपनीला कारवाई करावी लागते. पाच! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’च याच्या दसपट येतात.

संचार साथीवर आणखी एक गोष्ट बघा, आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते. मी वडिलांचं तपासलं, तर त्यांनी कधीच न घेतलेला एक नंबर निघाला. ‘हा माझा नंबर नाही’ वर टिक करून पाठवून दिलं. तो कोण वापरत होता आणि कुणाला फोन करत होता, देव जाणे.