परसातील नेचे

नवे घर बांधणाऱ्या गृहस्थाला दिवाणखान्याच्या रंगावर महिनाभर खल करावयास सवड असते. परंतु घरामागे जी वीस पावलांची जागा उरते, तिचा विचार करण्याची पाळी येते तेव्हा त्याचा पैसा संपलेला असतो आणि उत्साहही. आमच्या पुण्यातील घराचे परसू असेच उरलेले. दक्षिणेस आमचीच भिंत, पश्चिमेस शेजारची सहा मजली इमारत. सकाळी घटकाभर उन्हाचा कवडसा येऊन जातो, तेवढाच. मोगरा लावा, हिरवळ करा, असा सल्ला प्रत्येक पाहुण्याने दिला. मोगऱ्याला ऊन हवे आणि हरळीला त्याहूनही अधिक हवे, हे त्यांना कोण सांगणार? सावलीशी भांडत बसण्यापेक्षा सावलीत सुखाने नांदणाऱ्यांनाच बोलवावे, असे मी ठरविले. भुईलगत पसरणारी ब्राह्मी आणि तिच्यामधून डोकावणारे नेचे, अशी ती योजना होती.

आईला ती मुळीच रुचली नाही. ती रत्नागिरीकडची. चिऱ्याच्या जोत्यावर नेचा दिसला की तो मुळासकट उपटावयाचा, हे तिच्या सासरचे नित्याचे पावसाळी काम. "अरे, माणसे गेलेल्या घरावर उगवते ते हे. आपल्या गावच्या घराचे काय झाले आहे, ते तू पाहिलेस ना?" असे ती म्हणाली. मी पाहिले होते. कुलूप गंजलेले आणि जोत्याच्या प्रत्येक सांध्यातून हिरवी पिसे बाहेर आलेली. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा, तर नेच्यांचे कूळ ३५ कोटी वर्षांहून जुने. त्यांच्या दृष्टीने भिंतच नुकती आलेली, असे काहीतरी विनोदाने बोलावे असे क्षणभर मनात आले. पण ज्या अंगणात ती नवी नवरी म्हणून आली, त्याविषयी ती बोलत होती. मी गप्प राहिलो आणि कुदळ घेतली.

माती म्हणून तेथे जे होते, त्यात निम्मे विटांचे तुकडे व सिमेंटचे गोळे. ते वीतभर खोल उकरून काढले, कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत घातले, आणि पहिला पाऊस चांगला मुरल्यावर वीतवीत अंतरावर ब्राह्मीच्या कांड्या लावल्या. रोपवाटिकेचा माळी पिवळ्या फुलांच्या वेडेलियाची टोपलीच गळ्यात मारीत होता. "दोन महिन्यांत जमीन झाकेल, साहेब," हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे, आणि म्हणूनच मी ती नाकारली. उष्ण अमेरिकेतून आलेली ही वेल जमीन झाकते ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट. ब्राह्मी सावकाश चालते. तिच्या पानांखाली ओल टिकते, पावसाचा थेंब माती उडवीत नाही, आणि नेच्याला श्वास घेण्यापुरती जागा राहते.

नेच्यांत मी हंसराज निवडला. घाटातून उपटून आणलेला नव्हे, तर रोपवाटिकेतच वाढलेला. काळ्या तारेसारखा देठ आणि त्यावर अर्धचंद्राकृती पाने. लावताना त्याचा कोंब मातीत पुरावयाचा नाही, एवढे पथ्य. याला फूल नाही, बी नाही. पानाच्या दुमडलेल्या कडेखाली तपकिरी बीजाणू असतात. त्यातून उगवते ती नेच्याची प्रतिमा नव्हे, तर नखाहूनही लहान, हृदयाच्या आकाराची एक हिरवी चकती. तिच्यावरील पुंबीज पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाऊन स्त्रीबीजाला मिळते, तेव्हा कोठे खरा नेचा जन्मतो. या दोन पिढ्यांच्या आळीपाळीचा उलगडा १८५१ साली लाइपझिगच्या विल्हेल्म हॉफमाइस्टरने केला. हा गृहस्थ वडिलांच्या संगीतप्रकाशनाच्या धंद्यात होता आणि वनस्पतिशास्त्र आपले आपणच शिकला होता. सूक्ष्मदर्शकाशी बसणारा तो दुकानदार मला राहून राहून डोळ्यांपुढे दिसतो.

मार्चमध्ये हंसराज पिवळा पडला आणि एप्रिलात नाहीसा झाला. "बघ, गेला," आई म्हणाली. पण त्या स्वरात विजय नव्हता. कांदे-बटाटे धुतलेले पाणी ती रोज त्याच जागी ओतू लागली. मी कारण विचारले नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भुईतून गुंडाळलेल्या मुठी वर आल्या आणि उलगडू लागल्या. आईने मोजून सांगितले, अकरा.

भिंतीवर उगवलेला नेचा ती अजूनही नखलून टाकते. भुईवरच्याला हात लावू देत नाही. हंसराजाची एक खोड अशी की, पानाचा शेंडा टेकेल तेथे तो मूळ धरतो. परवा असा एक शेंडा मागच्या पायरीच्या सांध्यात रुजला आहे. तो भुईचा मानावयाचा की भिंतीचा, यावर आमचे अद्याप एकमत व्हावयाचे आहे.